बोलोन्याच्या स्टेशनवरचे घड्याळ

भुसावळ,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू इटलीतील बोलोन्याहून पाठवलेले फोटो मिळाले. खोली स्वच्छ आहे आणि विद्यापीठ पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हे वाचून तुझ्या आईचा जीव भांड्यात पडला. स्टेशनच्या दर्शनी भिंतीवरील घड्याळाच्या फोटोखाली मात्र तू लिहिले आहेस की, हे घड्याळ दहा पंचविसावर बंद पडले आहे आणि बाबा इथे असते तर त्याच दिवशी मेमो गेला असता. चौतीस वर्षे रेल्वेत काढल्यामुळे बंद घड्याळ मला सहन होत नाही, हे खरेच आहे. पण ते घड्याळ बिघडलेले नाही, जाणूनबुजून तसे ठेवलेले आहे. त्याचे कारण तुला माझ्याकडून कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. फोनवर हे सगळे नीट सांगता आले नसते.

२ ऑगस्ट १९८० रोजी शनिवार होता आणि इटलीतील उन्हाळी सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली होती. दुसऱ्या वर्गाचे प्रतीक्षालय वातानुकूलित असल्यामुळे लेकुरवाळी माणसे, विद्यार्थी, पुढच्या गाडीला वेळ असलेले प्रवासी तिथे येऊन बसले होते. त्या खोलीत, इमारतीचा भार पेलणाऱ्या भिंतीलगत कोणीतरी एक सुटकेस ठेवून निघून गेले. सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी तिच्यातील सुमारे २३ किलो स्फोटकांचा स्फोट झाला. प्रतीक्षालयाचे छत खाली आले, इमारतीची एक बाजू कोसळली आणि पहिल्या फलाटावर उभ्या असलेल्या गाडीलाही तडाखा बसला. ८५ माणसे मेली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. मृतांत सर्वांत लहान तीन वर्षांची मुलगी होती आणि सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती ८६ वर्षांची होती. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी जखमींना नेले आणि ३७ क्रमांकाच्या शहर बसच्या खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावून तिच्यातून दिवसभर प्रेते वाहिली गेली. ती बस त्या शहराने आजही जपून ठेवली आहे.

त्या ८५ जणांत वीस वर्षांचा एक जपानी विद्यार्थीही होता. त्याने आपल्या वहीत शेवटची नोंद याच स्टेशनवर केली. ओळखीच्या मुलीला फोन केला पण ती भेटली नाही, म्हणून व्हेनिसला जायचे ठरवले आहे, गाडी ११ वाजून ११ मिनिटांची आहे, पाच हजार लिरांना खाण्याचा डबा घेतला आहे, त्यात मांस, अंडे, बटाटे, पाव आणि वाइन आहे आणि लिहिता लिहिता मी जेवतो आहे, अशा आशयाची ती नोंद आहे. मुक्ता, परमुलखात शिकणारी मुले आईबापांना जे कळवतात, तेच त्या वहीत आहे. तूही परवा सामोशासारख्या कुठल्याशा पदार्थाचे वर्णन लिहिलेस. ते वाचताना मला ही वही आठवली आणि मी उठून अंगणात गेलो.

हे कोणी केले, हा प्रश्न तू विचारशीलच, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी अकरा वर्षे मागे जावे लागते. १२ डिसेंबर १९६९ रोजी, शुक्रवारी दुपारी, मिलान शहरातील पियात्सा फोंताना या चौकातील शेतकी बँकेत स्फोट झाला. शुक्रवार हा शेतकऱ्यांच्या आणि जनावरांच्या व्यापाऱ्यांच्या देवघेवीचा दिवस असल्याने बँक उशिरापर्यंत उघडी होती. १७ जणांचा बळी गेला. पोलिसांनी तपासाआधीच अराजकवाद्यांवर संशय धरला आणि पकडलेल्यांत ज्युझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार होता. कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेल्यावरही त्याला पोलीस मुख्यालयात बसवून ठेवले गेले आणि १५ डिसेंबरच्या रात्री तो चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. आधी त्याने आत्महत्या केल्याचे सांगितले गेले. पुढे, १९७५ मध्ये, न्यायालयीन चौकशीने आत्महत्या आणि खून या दोन्ही शक्यता नाकारल्या आणि त्याचा तोल गेला असावा, असा निष्कर्ष काढला. तो निर्दोष होता, हे मात्र निर्विवाद आहे. चौकशी करणारे पोलीस अधिकारी लुईजी कालाब्रेझी हे तो पडला तेव्हा त्या खोलीत नव्हते, असेही त्याच चौकशीत निष्पन्न झाले, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. त्यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांतून इतके विष पेरले गेले की १७ मे १९७२ रोजी त्यांच्या घरासमोरच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

स्फोट प्रत्यक्षात घडवला होता तो नवफॅसिस्ट गटांनी. लोकांनी घाबरून जावे, दोष डाव्यांवर जावा आणि देशाने कडक राजवटीची मागणी करावी, असा त्यामागचा हिशेब होता. इटलीत त्याला तणावाची रणनीती असे नाव पडले आहे. गुप्तचर खात्यातील काही अधिकाऱ्यांनी या लोकांना पाठीशी घातले आणि तपास भलत्या दिशेने नेला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे नोंदवले की, फ्रांको फ्रेडा आणि जोव्हान्नी व्हेंतुरा हे दोघे या स्फोटाला जबाबदार होते, परंतु ते पूर्वीच अंतिमतः निर्दोष सुटलेले असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही. म्हणजे छत्तीस वर्षांनी नावे कळली आणि शिक्षा कोणालाच झाली नाही.

१९७४ साली दोन घटना घडल्या. २८ मे रोजी ब्रेशा शहरात कामगार संघटनांची फॅसिझमविरोधी सभा चालू असताना कचऱ्याच्या डब्यात ठेवलेला बॉम्ब फुटला आणि आठ जण ठार झाले. त्यानंतर काही वेळातच पाण्याचे फवारे मारून तो चौक धुऊन काढण्यात आला आणि पाण्याबरोबर पुरावाही वाहून गेला. या खटल्यातील अंतिम जन्मठेप २०१७ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी कायम झाली. दुसरी घटना ४ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतरची आहे. रोमहून म्युनिककडे निघालेली इतालिकुस एक्स्प्रेस बोलोन्याच्या अलीकडे अपेनिन डोंगरातील लांब बोगद्यातून बाहेर पडत असताना तिच्या एका डब्यात स्फोट झाला आणि डब्याने पेट घेतला. गाडीवरील सिल्व्हर सिरोत्ती हा चोवीस वर्षांचा रेल्वे कर्मचारी सुखरूप होता, पण तो अग्निशामक नळकांडे घेऊन पेटत्या डब्यात प्रवाशांना काढायला शिरला आणि परत आला नाही. त्या रात्री बारा जण गेले. त्याबद्दल आजवर कोणालाही अंतिम शिक्षा झालेली नाही. पुढे, १९८४ च्या नाताळच्या तोंडावर, त्याच बोगद्यात ९०४ क्रमांकाच्या एक्स्प्रेसमध्ये माफियाने स्फोट घडवला. फ्लॉरेन्स ते बोलोन्या या एका लोहमार्गाच्या वाट्याला दहा वर्षांत असे तीन घाव आले. येत्या सुट्टीत तू फ्लॉरेन्सला जाणार आहेस. तुझी वेगवान गाडी आता नव्या बोगद्यांतून जाते, जुना मार्ग तुला दिसणार नाही, म्हणून लिहिले.

हिंसा एकाच बाजूने झाली, असे समजू नकोस. रेड ब्रिगेड्स या डाव्या सशस्त्र संघटनेने १६ मार्च १९७८ रोजी रोममध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांच्या पाचही अंगरक्षकांना ठार मारून त्यांचे अपहरण केले आणि ५५ दिवसांनी, ९ मे रोजी, त्यांचा मृतदेह शहराच्या मध्यभागी एका तांबड्या मोटारीत सापडला. पण मला जास्त विचार करायला लावतो तो जेनोआच्या पोलाद कारखान्यातील ग्विदो रोस्सा. तो स्वतः कम्युनिस्ट होता, कामगार संघटनेचा कार्यकर्ता होता. कारखान्यात रेड ब्रिगेड्सची पत्रके गुपचूप वाटणाऱ्या सहकाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य त्याने एकट्याने दाखवले. २४ जानेवारी १९७९ च्या पहाटे कामावर निघताना त्याला मारले गेले. कामगारांच्या नावाने बंदूक उचलणाऱ्यांनी कामगारालाच मारले, हे त्यानंतर साऱ्या देशाला दिसले. त्या संघटनेचा पाया तिथून खचू लागला, असे माझे मत आहे.

आता पुन्हा तुझ्या स्टेशनकडे येतो. १९८० च्या स्फोटानंतर आधी बॉयलर फुटल्याची बातमी पसरवली गेली. जानेवारी १९८१ मध्ये बोलोन्याला तारांतो ते मिलान गाडीत एक सुटकेस सापडली. तिच्यात त्याच जातीची स्फोटके, शस्त्रे आणि परदेशी नावांची विमान तिकिटे होती. ती सुटकेस लष्करी गुप्तचर खात्यातील अधिकाऱ्यांनीच तिथे ठेवली होती, हे नंतर न्यायालयात सिद्ध झाले. ज्यांच्या हाती जनतेचे रक्षण सोपवले होते, त्यांनीच तपासाची दिशा चुकवण्यासाठी प्रवासी गाडीत स्फोटके ठेवली. रेल्वेचा माणूस म्हणून मला या साऱ्या इतिहासात याहून संतापजनक दुसरे काही वाटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये लिचो जेल्ली याच्या गुप्त पी-टू संघटनेची ९६२ नावांची यादी पोलिसांच्या हाती लागली. त्या यादीत मंत्री, सेनानी आणि गुप्तचर खात्यांचे प्रमुखही होते. तपास भरकटवल्याबद्दल जेल्लीला पुढे शिक्षाही झाली.

हे सारे उजेडात राहिले ते मृतांच्या नातेवाइकांमुळे. तेर्नी गावच्या तोर्क्वातो सेच्ची यांचा चोवीस वर्षांचा मुलगा सेर्जो त्या दिवशी केवळ गाडीला उशीर होऊन पुढची गाडी चुकल्यामुळे बोलोन्याला थांबला होता. पाच दिवसांनी तो रुग्णालयात गेला. सेच्चींनी इतर कुटुंबांना बरोबर घेऊन १ जून १९८१ रोजी नातेवाइकांची संघटना स्थापन केली आणि १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तारखांना हजर राहिले. १९९५ मध्ये वालेरिओ फिओरावांती आणि फ्रांचेस्का माम्ब्रो या नवफॅसिस्टांची जन्मठेप कायम झाली. इतर खून कबूल करूनही या स्फोटाचा इन्कार ते आजही करतात. त्यानंतर तिसऱ्याला शिक्षा झाली आणि जिल्बेर्तो काव्हाल्लीनी व पाओलो बेल्लीनी यांच्यावरील अंतिम निकाल याच वर्षी, २०२५ मध्ये लागले. पैसा आणि योजना यांमागे जेल्ली होता, असे न्यायालयाने नोंदवले आहे, पण तोवर तो मरण पावला होता. पंचेचाळीस वर्षे कोणी ना कोणी त्या कागदांची धूळ झटकत राहिले, म्हणून एवढे तरी झाले.

याच वर्षी २१ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले, त्या दिवशी मला पियात्सा फोंतानाची आठवण झाली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मी कल्याणला ड्यूटीवर होतो. पश्चिम रेल्वेवरचे आकडे कंट्रोलच्या फोनवरून एकेक करून कानावर येत होते. त्या माणसांना कोणी मारले, याचे उत्तर एकोणीस वर्षांनी त्यांच्या घरच्यांकडे नाही आणि भलत्याच माणसांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली असतील, तर पिनेल्लीसारखा तोही अन्यायच आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. मोरोंचा मृतदेह सापडला ती ९ मे ही तारीख इटलीने दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन म्हणून कायद्याने ठरवली आहे. २००९ साली त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी आपल्या प्रासादात पिनेल्लीची पत्नी लीचा आणि कालाब्रेझींची पत्नी जेम्मा या दोघींनाही बोलावले. जवळपास चाळीस वर्षे देशाने ज्यांना एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना उभे केले होते, त्या दोन विधवा पहिल्यांदाच समोरासमोर आल्या आणि त्यांनी एकमेकींचा हात हातात घेतला.

त्या घड्याळाबद्दल आणखी एक गोष्ट. स्फोटानंतर ते दुरुस्त होऊन बरीच वर्षे चालू होते. १९९६ मध्ये ते बंद पडले, तेव्हा ते कायमचे १० वाजून २५ मिनिटांवर ठेवायचे ठरले. तरीही ते १९८० पासून बंदच आहे, असे तिथले बहुतेक लोक मनापासून सांगतात. तुलाही तसेच सांगतील. वाद घालू नकोस.

वेळ मिळाला की प्रतीक्षालयात जाऊन ये. फरशीतला खड्डा आणि भिंतीतली भेग तशीच ठेवली आहे, मागे नावे कोरली आहेत. ती घाई न करता वाच. दरवर्षी २ ऑगस्टला शहराच्या चौकातून मिरवणूक निघून स्टेशनपर्यंत येते, दहा पंचविसाला गाडीची शिट्टी होते आणि सगळे स्तब्ध उभे राहतात. पुढच्या वर्षी तू तिथे असलीस, तर त्या वेळी मला फोन लावून धर. आपल्याकडे तेव्हा दुपारचे १ वाजून ५५ मिनिटे झालेली असतील. मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस. शिट्टी तेवढी ऐकू दे.

तुझे,
बाबा