सिकलसेलच्या बातमीत किंमत कुठं होती?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो आईबापाकडून येणारा आजार) आता नव्या उपचारानं कायमचा बरा होणार अशी मोठी बातमी आली, आणि सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या गल्लीतला एक जण तोच पेपर घेऊन माझ्या दारात हजर. त्याचा पोरगा एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा जीन आल्यामुळे आजार असलेला, चौदा वर्षांचा. उमरेडकडे अर्धा एकर वावर आहे, म्हणे ते विकतो भाऊ, तुम्ही फक्त हे इंजेक्शन नागपुरात कुठं भेटते ते सांगा. मी सव्वीस वर्षं लॅबमध्ये सिकलसेलच्या ट्यूबा पाहिल्या म्हणून गल्लीत मला अर्धा डॉक्टर समजतात, पण त्या दिवशी काय बोलावं सुचेना.

बातमीत खोटं काही नव्हतं, ते आधीच मान्य करतो. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मंजुरी दिली, क्रिस्पर नावाच्या तंत्रानं जीन कापून केलेला जगातला पहिला मंजूर उपचार, आणि क्रिस्परसाठी दोन बायांना २०२० चं नोबेल भेटलं तेही बरोबर. पण ते इंजेक्शन नाही हो! पेशंटच्या स्वतःच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, रक्तातून गाळून काढायच्या, त्या फॅक्टरीत पाठवायच्या, तिथं जीनमध्ये काटछाट होऊन परत यायला काही महिने, मग पोराला तगडी केमो देऊन जुनी बोनमॅरो (हाडातली मज्जा) रिकामी करायची आणि मग त्या सेल सोडायच्या, वर महिना-दीड महिना हॉस्पिटलात, आणि केमोमुळे पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो ते वेगळंच. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या वर. अर्धा एकराचे किती येतात ते उमरेड रोडवाल्यांना मी सांगायची गरज नाही.

आणि खरी गंमत तर तुमच्या बातमीत एका ओळीतही नव्हती. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असते, एचबीएफ म्हणतात त्याला, ते असलं की लाल पेशी विळ्यासारखी वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जाते आणि मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन सुरू होते, म्हणून एसएस लेकरू पहिले पाच-सहा महिने मस्त खेळते आणि मग एकदम हातपाय सुजतात, घरचे म्हणतात नजर लागली. कॅसजेव्हीत हे एचबीएफ दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए नावाच्या जीनचा कंट्रोल तोडतात म्हणून ते बाळपणीचं एचबीएफ परत बनायला लागते. आता हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल काय करते? तीसुद्धा एचबीएफच वाढवते! रोज घ्यावी लागते, मधून मधून सीबीसी ही रक्ततपासणी करावी लागते, आजार मुळातून जात नाही हे खरं, पण क्रायसिस, म्हणजे जीवघेण्या दुखण्याचे झटके, कमी येतात, रक्त कमी चढवावं लागते. अमेरिकेत १९९८ पासून सिकलसेलसाठी मंजूर आहे, म्हणजे नवी गोष्टही नाही. आणि हीच कॅप्सूल एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर आमच्या या भावाला लागोपाठ दोन महिने भेटली नाही, स्टॉक नाही म्हणे, पुढच्या महिन्यात या. बाहेरून घ्यायची तर रोजंदारीवाल्याला तेही जड जाते. पोरगा डिसेंबरच्या थंडीत क्रायसिसमध्ये गेला, गुडघे धरून रात्रभर रडला. याची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही.

दुसरं, हे माझ्या लॅबचंच दुखणं आहे म्हणून थोडं लांबवतो. सोल्युबिलिटी टेस्ट या सिकलसेलच्या पहिल्या तपासणीत रक्ताच्या ट्यूबच्या मागं काळ्या रेघांचा कागद धरतात, रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसल्या नाही तर पॉझिटिव्ह, एवढं सोपं. पण माणूस एएस आहे की एसएस ते ट्यूब सांगत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी तपासणी लागते. एएस म्हणजे फक्त वाहक, तो ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघंही एएस असले तर प्रत्येक खेपेला २५ टक्के चान्स की लेकरू एसएस होईल. माझ्या ओळखीतल्या एका पोट्टीचं जमलेलं लग्न मोडलं कारण तिच्या चिठ्ठीवर नुसतं पॉझिटिव्ह लिहिलं होतं, नंतर ती एएस निघाली, आणि पोरानं तर स्वतःची टेस्ट केलीच नव्हती! केंद्राचं सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ७ कोटी लोकं तपासायचं टार्गेट ठेवलं, चांगलंच आहे. पण रिपोर्ट हातात देताना समजावून सांगणारा माणूस बाजूला नसला तर त्या तपासणीचं काय करायचं? आणि कृपा करून दरवेळी आदिवासींचा आजार असं छापू नका, आमच्या विदर्भात एससी, ओबीसी समाजातही घरोघरी पेशंट आहेत, ते वाचून आपल्याला काय करायचं म्हणतात आणि टेस्टला येत नाहीत.

त्या भावाला मी म्हटलं वावर विकू नको बाप्पा. कॅप्सूल चुकवू नको, मे महिन्यात पोराला दुपारच्या उन्हात क्रिकेटला सोडू नको, पाण्याची बाटली सतत सोबत ठेव, ताप आला की दुकानातली गोळी न देता सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ने. त्यानं ऐकून घेतलं, पेपरची घडी करून खिशात घातली आणि जाता जाता विचारलं, पण आपल्या देशात काही करून राहिले की नाही? करून राहिले ना, दिल्लीच्या आयजीआयबी या जीनवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी क्रिस्परचाच देशी उपचार तयार केला, बिरसा १०१ नाव आहे, स्वस्तात द्यायचं म्हणतात. त्याची बातमी तुम्ही छापालच, तेव्हा किती पैसे, कोणत्या वयाला आणि नागपुरात कुठं, हे पहिल्याच पॅऱ्यात टाका, नाहीतर सोमवारी सकाळी पुन्हा माझंच दार वाजते.

आपला,
एक रिटायर्ड लॅब टेक्निशियन
मानेवाडा, नागपूर