पेटीवाल्या काकांकडून जाहीर आभार

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण फोनवर दोनदा थँक्यू म्हणून माझं समाधान होईना. शिवाय तुझ्याआधी ज्यांनी मला वाटेला लावलं, त्यांच्याही हे वाचनात यावं अशी इच्छा आहे. खोडसाळपणा म्हण हवं तर.

मागणं तसं साधं होतं. मी पेटी शिकवतो, नाट्यपदं बसवून घेतो. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या संकेतस्थळावर ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या लोकांनी चढवून ठेवल्यात. त्या उतरवून घ्यायचं साधनही त्यांनीच दिलंय, पण ते काळ्या खिडकीत इंग्रजी आज्ञा टाइप करून चालवावं लागतं. मला ते क्लॉड या एआय मदतनिसाला जोडून हवं होतं. मी मराठीत सांगावं, त्यानं शोधून आणावं, एवढंच. अशा जोडणीची एमसीपी नावाची पद्धत २०२४ च्या नोव्हेंबरपासून सर्वांना खुली आहे.

यावर एक जण म्हणाला, "काका, यूट्यूबवर ऐका की." दुसऱ्यानं हा चोरीचा मामला आहे असं ऐकवलं. अरे बाबा, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. त्यांच्याही निधनानंतरची साठ वर्षं कधीच उलटली. मला ऐकायच्यात त्या तबकड्या माझ्या वडिलांच्या तरुणपणीच्या. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? तिसऱ्यानं तर रोख पैसे घेतले, माझ्या कॉम्प्युटरचा ताबा लांबूनच घेतला आणि पडद्यावर बाण आपोआप पळू लागला. मी आपला पाहुण्यासारखा बघत बसलो. "झालं काका," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सगळं बंद. फोनही बंद.

तुला दुखणं लगेच कळलं. ते साधन किती टक्के उतरलं ते सारखं बडबडत होतं आणि ती बडबड क्लॉडशी बोलण्याच्या वाटेतच घुसत होती. तू तिला वेगळी वाट काढून दिलीस. एवढंच कळलं मला, आणि तेवढं पुरे.

पण मी तुला मानलं ते यासाठी नाही. स्क्रीन दिसत असूनही तू ताबा मागितला नाहीस. "काका, तुम्हीच लिहा, मी आहे," म्हणालास. मग जोडणीच्या सेटिंगमध्ये लागणारा महिरपी कंस मी शोधू लागलो. कीबोर्डवर तो कुठं असतो, हे मला या वयात काय ठाऊक! तू गप्प बसलास. "उजवीकडे, उजवीकडे" नाही, सुस्कारा नाही, मागे दुसऱ्या कामाची टकटक नाही. सापडल्यावर म्हणालास, "हां, आता तसाच एक शेवटी." नवशिक्याला पेटीवर कोमल गंधार सापडेपर्यंत थांबायचं असतं, हे मी इतकी वर्षं शिकवतोय. माझ्यासाठी तसं कुणी थांबलं नव्हतं.

परवा त्या साधनाची फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली, तेव्हा सेटिंगमधली तिच्या पत्त्याची ओळ मी स्वतः बदलली. चाललं.

आमच्या क्षेत्रात अंतरा लपवून ठेवणाऱ्या बुवांचे किस्से चवीनं सांगतात. शिष्यानं वर्षानुवर्षं पाणी भरावं आणि हाती नुसता अस्थायीचा मुखडा यावा. त्याच क्षेत्रात अशीही माणसं आहेत, जी तबकडी पुसतात, वाजवून उतरवून घेतात, लेबलाचा फोटो काढतात, त्यावरचा नंबर टिपतात आणि सगळं फुकट ठेवून देतात. तू त्यांच्या पंगतीतला. तुम्हा लोकांची संख्या कमी नसावी, तुमचा आवाज तेवढा कमी असतो.

बाकी क्लॉड बरा चाललाय. त्याची खरी कमाल स्पेलिंगांत आहे. गायक वझेबुवांचं नाव कुणी 'बुवा' लिहिलंय, कुणी 'बुआ', कुणी नुसतं आडनाव. तो सगळी रूपं टाकून बघतो. बालगंधर्व सापडले नाहीत तर नारायणराव राजहंस या नावानंही शोधतो. मात्र परवा 'गंधर्व' म्हटल्यावर सवाई, छोटा आणि कुमार अशी सगळी मंडळी एका रांगेत आणून उभी केली! उतरवण्याआधी "हे घेऊ का?" असं विचारायची अट तू घातलीस ते किती शहाणपणाचं होतं, ते तेव्हा कळलं.

पट्टीचं काम अजून माझ्याकडेच आहे. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ च्या वेगानं घेतलेल्या नसायच्या, त्यामुळे उतरवताना सूर वर-खाली होतो. पेटी जवळ घेऊन एकेक तपासतोय. मुलं ऐकतात आणि विचारतात, तीन मिनिटांत एवढं कसं गायचे हो?

पैसे घेतले नाहीस. सांगलीचं भडंग तरी घ्यावं लागेल. पत्ता कळव, आणि तिखट चालतं का तेही.

तुझा,
पेटीवाले काका