बॅकअपचे न विचारता डिस्क ‘क्लीन’ करायला लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : हेल्पलाइनच्या सूचनेमुळे डी ड्राइव्हवरील डेटा गेल्याबाबत

महोदय,

वॉरंटीत मदरबोर्ड बदलून माझा डेस्कटॉप आपल्या सर्व्हिस सेंटरमधून परत आला, तो सुरूच होईना. डिस्क तीच, विंडोज १० तेच. हेल्पलाइनने विंडोज नव्याने टाकायला सांगितले. पेन ड्राइव्ह लावला, तर डिस्कवर एमबीआर (जुन्या पद्धतीचे) पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, आहे आणि ईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) सिस्टिमवर विंडोज फक्त जीपीटी (नव्या पद्धतीच्या टेबलाच्या) डिस्कवर टाकता येते, असा मेसेज येऊन काम अडले.

पुन्हा फोन केला. प्रतिनिधीने शिफ्ट-एफ१० दाबायला लावून एकेक कमांड सांगितली: डिस्कपार्ट, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. बॅकअप आहे का, हे एकदाही विचारले नाही. ‘क्लीन’ म्हणजे केर काढण्यातला प्रकार असावा, असे मला वाटले. ती कमांड सी ड्राइव्हपुरती नसते, अख्ख्या डिस्कचे पार्टिशन टेबल पुसते, हे नंतर कळले. माझा बॅकअप आठ महिने जुना होता, ही चूक माझी. ती मी आपल्या माथी मारत नाही.

खरा संताप पुढचा आहे. “डी ड्राइव्ह दिसत नाही,” असे मी त्याच फोनवर सांगितले. उत्तर आले, “न्यू दाबा, नेक्स्ट करा, दिसेल.” नुसत्या क्लीनने टेबल जाते, फाइली बहुतांशी जागेवरच असतात. तिथेच हात थांबवला असता तर पार्टिशन शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने डी परत मिळण्याची बरीच शक्यता होती. आम्ही त्यावर नवे पार्टिशन करून विंडोज ओतले. आता रिकव्हरीत जे सापडते आहे, त्याला ना नाव ना फोल्डर. निम्मे फोटो उघडतही नाहीत.

आणि याची गरजच नव्हती. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे एमबीआर डिस्कवरच्या विंडोजला लागणारे जुन्या पद्धतीचे बूट, बंद होते. मी ते नंतर स्वतः पाहिले. ते सुरू केले असते तर जुने विंडोज बहुधा तसेच चालू झाले असते. जीपीटीच हवे होते, तर डेटा न पुसता रूपांतर करणारे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे टूल २०१७ पासून विंडोज १० सोबतच येते. त्याला तीनहून जास्त प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत. माझ्या डिस्कवर तीनच होती. निदान त्या टूलची ‘व्हॅलिडेट’, म्हणजे रूपांतर जमेल का ही आधीची तपासणी, तरी करून बघायची!

सर्व्हिस रिपोर्टवर ‘बोर्ड बदलला, तपासणी केली’ एवढेच लिहिले आहे. माझी डिस्क जोडून मशीन सुरू केले असते, तर हा घोळ तिथेच कळला असता.

माझ्या मागण्या : डेटा रिकव्हरीचा खर्च आपण द्यावा. दोन्ही कॉलचे रेकॉर्डिंग जपून ठेवावे व त्याची प्रत मला द्यावी. ‘क्लीन’ सांगण्याआधी बॅकअपची विचारणा हेल्पलाइनवर सक्तीची करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तोवर मी या डिस्कवर काहीही लिहिणार नाही, म्हणजे संगणक बंदच राहील.

सोबत : सर्व्हिस रिपोर्ट व एरर मेसेजचा फोटो

आपला,
एक ग्राहक