कोचीचं चर्च आणि आपली वसई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही फोर्ट कोचीला गेलो होतो. चायनीज जाळ्यांपाशी फोटोबिटो झाले आणि मग उन्हाला कंटाळून सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये शिरलो, खरं सांगायचं तर सावलीसाठीच. पण आत वर बघितलं तर कापडी झालरीचे लांबलचक पंखे टांगलेले, दोरीने बाहेरून ओढायचे, म्हणजे आत साहेब प्रार्थना करणार आणि बाहेर कुणीतरी घाम गाळत दोरी ओढणार! १५०३ साली पोर्तुगीजांनी इथे लाकडी चर्च बांधलं, १६६३ ला डच आले, १७९५ ला इंग्रज, प्रत्येकाने आपापल्या पंथाचं करून घेतलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला इथेच पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले. आता जमिनीवर नुसता दगड, भोवती कठडा. डचांचे थडग्यांचे दगड मात्र भिंतीत उभे लावलेत, त्यामुळे कुणाचा पाय पडत नाही.

हे बघून मला आपली वसई आठवली. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये असेच कोरीव दगड आहेत पण ते जमिनीत, वर छप्पर नाही, आणि मागच्या वेळी एक प्री-वेडिंगवाले त्यावरच ट्रायपॉड लावून बसले होते, नवरी हिल्स घालून थडग्यावर गिरक्या घेत होती. अहो, चिमाजी अप्पांनी १७३९ ला किल्ला जिंकला तो काय यासाठी? निदान कोचीसारखा साधा कठडा तरी घाला की.

– एक वसईकर