भिंतीवरचं चित्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सुखरूप पोचलो. तुझी आई स्टेशनवर आली होती. तिनं आधी तुझंच विचारलं. ‘बरी आहे’ म्हटलं आणि पिशवी उचलली.

तुला न विचारता ते चित्र उतरवून कपाटामागं ठेवलं, ही माझी चूक. पण दिल्लीत एकट्या राहणाऱ्या पोरीच्या उशाशी तीन उदास मुली बघून डोकं फिरलं. ‘त्या रडत नाहीयेत बाबा, विचार करतायत,’ म्हणालीस आणि चहा तसाच टाकून निघून गेलीस. रात्री झोप लागते ना तुला?

इथं वाचनालयातून तुझ्या त्या चित्रकार अमृता शेरगिलवरचं पुस्तक आणलं. ‘तीन मुली’ 1935 चं, म्हणजे काढलं तेव्हा ती तुझ्याच वयाची, 22 ची. 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदकही याच चित्राला. तिथंच पुस्तक मिटायला हवं होतं. पुढं वाचलं, ती गेली : 1941, लाहोर, वय 28. आता तेवढंच डोक्यात राहिलंय.

मग चित्र नीट बघितलं. तिघी खेटून बसल्यात, पण एकीची नजर दुसरीकडं नाही. मागं चूल नाही, खिडकी नाही. काही असतं तर ‘बिचाऱ्या गरीब’ म्हणून आपण पुढं सरकलो असतो. तिनं ती पळवाटच ठेवली नाही.

ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री माजघरात तुझ्या दोन्ही आत्या आणि ताई अशाच बसल्या होत्या. मी बारा वर्षांचा, हातात कंदील. ‘काय झालं?’ विचारलं. ‘काही नाही, जा झोप.’ गेलो झोपायला. पुढचं तुला ठाऊक आहे. तूही परवा ‘काही नाही’च म्हणालीस.

वेळेवर जेव, दोन-दोन वाजेपर्यंत जागू नकोस, माणसानं मनात साठवून ठेवू नये... झालं, सुरू झालो पुन्हा. रागावू नकोस.

दिल्लीतल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, जयपूर हाउसला, मूळ चित्र दाखवणार होतीस, ते भांडणात राहिलं. आपल्या घरात चित्रापुढं थांबणारी तू पहिलीच. हे तुला कधी बोललो नाही, कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र दोनदा सांगून झालंय.

चित्र परत लाव. मी ओढताना खिळा ढिला झालाय, नवा ठोकून घे. आणि झोपेचं तेवढं कळव.

तुझा,
बाबा