सडा मे महिन्यात बघून कसं चालेल? केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण मंत्री,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी वनस्पतीशास्त्र शिकलेय आणि कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, फिरून झाडाझुडपांच्या याद्या करणं हे माझं काम. खाणी-कारखान्यांना परवानगी देण्याआधी जो ईआयए रिपोर्ट, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, तुमच्या मंत्रालयाकडे येतो त्यातल्या जैवविविधतेच्या चॅप्टरचा डेटा आमच्यासारखेच लोक आणतात, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय.

2006 च्या ईआयए नोटिफिकेशनप्रमाणे हा रिपोर्ट कोणाकडून करून घ्यायचा ते प्रकल्पवालाच ठरवतो आणि फीसुद्धा तोच देतो. कन्सल्टंटला मान्यता लागते हे खरं, पण पुढचं काम त्याला अशाच क्लायंटकडून मिळवायचंय ना, मग "इथे खाण नको" असं स्पष्ट लिहिणारा धंद्यात टिकणार किती दिवस? कोणी फोन करून दम द्यायचीही गरज पडत नाही.

त्यात बेसलाइन डेटा, म्हणजे प्रकल्पाआधी तिथे काय आहे त्याची नोंद, पावसाळा सोडून एका सीझनचा असला तरी चालतो. आता मे महिन्यात सड्यावर जाऊन बघा, काळा कातळ आणि वाळलेलं गवत, टाका लिहून "ओसाड जमीन". पण पाऊस लागला की तिथेच दीपकाडी फुलते, मग ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, कवळा, पाय कुठे ठेवायचा कळत नाही, डबक्या-डबक्यात बेडूक, आणि तेच पाणी कातळातून झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीला जातं. कोकणातली ही दीपकाडी तर या सड्यांपलीकडे फारशी कुठे सापडतच नाही हो! हे सगळं रिपोर्टमधून नियमात बसवून गायब होतं, कोणीही खोटं न बोलता.

आणि खोटंही बोललं जातं. एका प्रकल्पासाठी मी पावसाळ्यातली यादी स्वतःहून दिली होती, फायनल रिपोर्टमध्ये ती नव्हतीच, टीममध्ये माझं नाव मात्र होतं. विचारलं तर म्हणे क्लायंटने कमी करायला सांगितलं. मी नाव काढायला लावलं, पुढे त्यांच्याकडून काम आलं नाही, माझं निभावलं, पण ज्या पोरांचं घर यावर चालतं त्यांनी काय करायचं? रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टमध्ये स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली होती, रशियातल्या खाणीच्या रिपोर्टमधून उचललेली. अजून आठवलं की संताप होतो.

तुमच्याच मंत्रालयाने नेमलेल्या गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 ला दिला, लोकांना तो वाचायला मिळाला मे 2012 मध्ये, तेही माहिती अधिकारात मागून आणि प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेल्यावर. माधव गाडगीळांच्या अहवालाची ही गत, तर नुकतंच एमएस्सी झालेल्या पोरीच्या फील्डच्या वहीला कोण विचारतो?

म्हणून मागणं असं की प्रकल्पवाल्याने पैसे मंत्रालयाकडे भरावेत आणि कन्सल्टंट तुम्ही नेमावा. सड्यांसाठी पावसाळ्यातला सर्व्हे सक्तीचा करा. आणि जो माणूस प्रत्यक्ष फील्डवर गेला त्याच्या सहीची मूळ यादी, तारीख आणि जीपीएससकट, मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रिपोर्टच्या शेजारी जशीच्या तशी टाका, म्हणजे काय वगळलंय ते गावातल्या माणसालाही जनसुनावणीच्या आधी ताडून बघता येईल. पहिल्या दोन गोष्टींना वेळ लागेल हे मला कळतं. तिसरी माझ्या मते एका ऑफिस ऑर्डरचं काम आहे, ती आधी काढा.

आपली,
कोकणातली एक वनस्पती अभ्यासक