‘लाँगिफोलिया’चे ‘लाँगिफोलियम’ का झाले, हे दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

उंच, सरळसोट वाढणाऱ्या हिरव्या अशोकाचे ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’ हे शास्त्रीय नाव आम्ही पाठ केले होते. 2012 साली हे झाड मोनून या प्रजातीत (जीनसमध्ये) गेले आणि ‘मोनून लाँगिफोलियम’ झाले. प्रजाती बदलली हे समजले. पण मागचे विशेषणही का बदलावे, असे ज्यांना विचारले त्यांनी ‘नवे नाव पाठ करा, परीक्षेला तेवढेच येते’ असे सांगून वाटेला लावले. शिकवणे हेच ज्यांचे काम, त्यांनी असे करावे, याचा राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र झाडावरच्या पाटीपाशी थांबून त्या नावाचा शेवट बोटाने झाकला आणि उरलेले मला वाचायला लावले. लॅटिनमध्ये ‘लाँगुस’ म्हणजे लांब, ‘फोलियम’ म्हणजे पान, समास होताना पहिल्या पदाचा प्रत्यय गळतो आणि सांध्यावर ‘इ’ येतो, एवढे सांगून आपण म्हणालात, “आता ‘दीर्घपर्ण’ चालव बघू.” दीर्घपर्णः, दीर्घपर्णा, दीर्घपर्णम् म्हणता म्हणता उलगडा झाला. ‘पर्ण’ नपुंसकलिंगी, ‘फोलियम’ही नपुंसकलिंगी, तरी ‘लांब पाने असलेले’ अशा अर्थाच्या बहुव्रीहीला लिंग मिळते ते विशेष्याचे. पॉलिअल्थिया स्त्रीलिंगी म्हणून ‘लाँगिफोलिया’, मोनून नपुंसकलिंगी म्हणून ‘लाँगिफोलियम’. आपण बोट उचलले तेव्हा खाली काय आहे, हे मला आधीच ठाऊक होते.

उत्तर आपल्याला सहज सांगता आले असते. ते माझ्या तोंडून यावे म्हणून आपण भर उन्हात थांबलात, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. ज्ञान असणारी माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवण्याचा सज्जनपणा फार थोड्यांकडे असतो.

त्यानंतर षष्ठीतली ‘लाँगिफोलिई’ आणि ‘लाँगिफोलिए’ ही रूपे मला परकी वाटली नाहीत. सॉर्घम नपुंसकलिंगी असूनही आपली ज्वारी ‘सॉर्घम बायकलर’च का राहते, हेही मग आपोआप कळले: ‘बायकलर’ हे लॅटिनमधल्या तिसऱ्या गणातले, प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांत एकच रूप असलेले विशेषण आहे आणि त्याची षष्ठी ‘बायकलरिस’ होते. हे सारे आपल्यामुळे माझे झाले, बाई. मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी